भरती आणि वेठ

कोकणात, बोर्ली पंचतनच्या पट्ट्यात ‘भरती’ आधी समुद्राची. गलबतात माल चढवला तर तीही भरतीच. पोलिसांची आणि सैन्याची त्यानंतर. हे सगळे अर्थ ‘भरणे’तून आले आणि ‘भरणे’ आलं संस्कृत ‘भृ’ धातूवरून: वाहणे, धारण करणे, पोसणे. कौटिल्य वेतन देऊन ठेवलेल्या सैन्याला ‘भृत’ म्हणतो, तेही याच धातूचं. शिपायाला पोसायची जबाबदारी अशी शब्दाच्या मुळातच आहे.

बळजबरीच्या कामाला आपल्याकडे वेगळाच शब्द, ‘वेठ’. तो ‘विष्टि’वरून आला. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त विष्टीची माणसं फौजेबरोबर जातात, ती रस्ते साफ करायला आणि शस्त्रं वाहायला. सैन्याच्या प्रकारांत त्यांची गणना नाही. ‘बारगीर’ हा फारसी शब्दही मुळात ओझं वाहणाराच. पण शिवकाळात तो सरकारी घोड्यावर बसला आणि पगारी स्वार झाला. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. आणि ‘सक्ती’चा ‘शक्ती’शी काही संबंध नाही. ती फारसी ‘सख्त’मधून, म्हणजे कठोर, यातून आली.

सक्तीच्या लष्करभरतीच्या बाजूचा एक मुद्दा मला खरा वाटतो: तिथे सधन घरातल्या मुलालाही रांगेत उभं राहावं लागतं. तरीही मी खुशीच्या फौजेच्याच बाजूचा आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत गेलं, ते सक्तीच्या कायद्याविना. अर्थात भाकरीची गरजही त्या खुशीत होती.

पण खुशी असून दारच बंद असेल तर? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतले. इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा त्यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला. जगात इतरत्र तरुण सक्तीच्या चाकरीपासून पळत होते आणि कोकणातली ही माणसं चाकरीचा हक्क मागत होती, कारण पलटणीबरोबर पगार, पेन्शन, शिक्षण आणि मान गेला होता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली. युद्धानंतर ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये.

म्हणूनच संविधानाचं तेविसावं कलम मला मोलाचं वाटतं. त्याचं पहिलं उपकलम वेठबिगारीला मनाई करतं. दुसरं राज्याला सार्वजनिक कामासाठी सेवा सक्तीची करू देतं, मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येत नाही.