भट्टीतली अंडी आणि पेटीतले मासे

कोर्नेलिस ड्रेबेल हा डच कारागीर १५७२ साली आल्कमार येथे जन्मला आणि पुढे इंग्लंडच्या राजाच्या आश्रयाला गेला. पाणबुडी बनवणारा म्हणून त्याचे नाव कोशांत आढळते. पण त्याने अंडी उबवण्यासाठी जी भट्टी केली, ती मला अधिक मोलाची वाटते. भट्टीत अल्कोहोलने भरलेले एक पात्र होते. त्याला यू-आकाराची नळी जोडलेली आणि नळीत पारा. भट्टी तापली की अल्कोहोल प्रसरण पावे, पारा वर ढकलला जाई आणि त्यावर टेकलेली कांडी हवेच्या वाटेवरची झडप मिटवी. हवा कमी, म्हणून विस्तव मंद. भट्टी निवली की हेच उलट घडे.

आता समजा, ते पात्र तडकले आणि अल्कोहोल गळून गेले. पारा खाली बसेल, झडप उघडी राहील, विस्तव भडकेल आणि अंडी उबण्याऐवजी उकडतील. म्हणजे हे यंत्र बिघडले, तर बिघडून जास्त तापण्याच्या बाजूला जाते. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीसाठी स्वस्तातला तापमान-नियंत्रक निवडताना नेमका हाच मुद्दा पाहावा लागतो, म्हणून ड्रेबेलपासून सुरुवात केली.

पुढची पायरी घड्याळजींची. जॉन हॅरिसनने आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात (ते १७५९ च्या सुमारास पुरे झाले) पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी वापरली. पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते, म्हणून तापल्यावर पट्टी वाकते. आपण नववी-दहावीला शिकवतो तीच ही द्विधातूची पट्टी. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने अशा पट्टीवर चालणाऱ्या नियंत्रकाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले.

शिक्षकांना जवळचा वाटेल तो मात्र वॉरन जॉन्सन. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षक घडवणारी एक शाळा होती. आपल्या अध्यापक विद्यालयासारखीच. तिथे हा प्राध्यापक. भट्टी तळघरात आणि वर्ग वर, त्यामुळे खोली किती तापली हे पाहायला शिपाई पुनःपुन्हा वर्गात येई आणि मग खाली जाऊन झडपा हलवी. शिकवण्यात येणाऱ्या या व्यत्ययाला जॉन्सन कंटाळला (कोण कंटाळणार नाही?). त्याने खोलीत असा थर्मोस्टॅट बसवला की तापमान बदलले की विजेचे मंडल जुळून तळघरात घंटा वाजे. १८८३ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि दोन वर्षांनी मिलवॉकीत कंपनी निघाली. या पहिल्या रचनेत झडप हलवणारा माणूसच होता. घंटा नादुरुस्त झाली, तरी थंडीने कुडकुडणारा वर्ग त्याला हाक मारू शकत होता. पुढे झडपाही आपोआप हलू लागल्या, तेव्हा ही सोय गेली.

मत्स्यपेटीलाही असा शिपाई नसतो. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिलिप हेन्री गॉस यांच्या साहाय्याने ‘मत्स्यगृह’ उघडले. तिथले सागरी जीव इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरचे होते, त्यामुळे तापक लागतच नव्हता. प्रवाळ आणि त्यांच्यासोबतचे उष्ण समुद्रातले मासे घरी आले आणि २५ ते २७ अंश सेल्सिअस हा अरुंद पट्टा सांभाळणे आले. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी तापेल तसा आणखी कमी होतो.

थोडे गणित करू. १०० लिटर खारे पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१० किलोज्यूल लागतात. ३०० वॉटचा तापक तासाला १०८० किलोज्यूल देतो. पट्टीचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी चिकटून तो चालूच राहिला, तर पाणी तासाला अडीच अंशांनी चढू लागेल. बाहेर जाणारी उष्णता वजा केली, तरी सकाळपर्यंत पेटीत काही उरणार नाही. म्हणून पहिली काटकसर तापकातच करावी: एक मोठा घेण्याऐवजी ५०-५० वॉटचे दोन घ्यावेत. एक चिकटला तरी पाणी सावकाश चढते आणि आपल्याला वेळ मिळतो.

स्वस्त इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात थर्मिस्टर असतो. तापल्यावर रोध कमी होण्याचा हा गुण फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. अचूकतेत अशा नियंत्रकाला नावे ठेवायला जागा नाही, पण त्याचा रिलेही चिकटू शकतो. उपाय सोपा आहे. नियंत्रक २६ अंशांवर लावावा, तापकाचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर ठेवावा आणि दोन्ही एकाच मंडलात एकसर जोडावेत. मग पाणी उकडायला दोघांनी एकाच वेळी दगा द्यावा लागेल. रिले किती अँपिअर पेलतो ते वाचावे आणि जोडणी अर्थ-लीकेज ब्रेकरवरच घ्यावी. संवेदक प्लास्टिकच्या आवरणाचा असावा. साधे पोलाद खाऱ्या पाण्यात गंजते आणि तांबे तर झिंग्या-प्रवाळांना विषच. मुंबई-रत्नागिरीच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो, तेव्हा पंखा चालू करणारा दुसरा रिलेही हवा. पंख्याने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी.

नवा नियंत्रक लावण्यापूर्वी एक प्रयोग वर्गातच करता येईल. संवेदक कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवून प्रयोगशाळेतल्या तापमापीशी ताडून पाहा. तापकाच्या जागी बल्ब जोडा, आणि मग संवेदक पेल्यातून काढून गार पाण्यात धरा. बल्ब लागेल. नाशिकच्या डिसेंबरातल्या रात्री संवेदक पेटीबाहेर घसरला, तर हेच होते. ड्रेबेलचे पात्र तडकल्यावर झाले असते तसेच. म्हणून संवेदकाची तार पेटीच्या आत, पाण्याच्या बऱ्याच खाली, चिमट्याने पक्की करावी.