बंधारा, द्राक्षे आणि पाहुणे पक्षी



पावसाळ्यात रेडिओवरच्या बातम्या ऐकताना एक नाव आपल्या कानावर हटकून पडते. नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत इतके क्युसेक पाणी सोडले, अशी ती बातमी असते. कोपरगाव, वैजापूर, पैठणकडची मंडळी तो आकडा कान टवकारून ऐकतात. नदीकाठी पाणी कुठवर चढेल आणि जायकवाडी किती भरेल, याचा अंदाज त्यांना त्यावरून बांधायचा असतो. पुढे हिवाळा लागतो आणि दुसरे नाव ऐकू येते, ते निफाडचे. पारा उतरला म्हणजे आधी निफाडला उतरला, हे आता ठरूनच गेले आहे. ही दोन्ही नावे नाशिक जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यातली. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडचा, हेही जाता जाता सांगून ठेवतो. आज या तालुक्यात शहरांतून माणसे दुर्बिणी घेऊन पाणथळ पाहायला येतात, पक्षी पाहतात, द्राक्षबागांतून हिंडतात. ही सहलीची रीत इथे कशी रुजली, तेवढे आपण पाहू.

आपल्याकडे पाण्यावर जायचे ते तीर्थ म्हणून. नाशिकचे रामकुंड, त्र्यंबकचा कुशावर्त ही नावे तुमच्या आजीलाही पाठ असतील. नांदूरला देखील मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे आणि रामाने मारीच मृगाचा पाठलाग केला तो याच भागात, अशी लोकांची श्रद्धा आहे. स्नान करावे, दर्शन घ्यावे, शिदोरी सोडावी आणि परतावे, असा तो क्रम. नुसते पाणी बघायला जायचे, त्यावर उतरलेली पाखरे मोजायची, हा प्रकार आपल्या वाडवडिलांना विचित्रच वाटला असता. तो आला दुष्काळाच्या मागोमाग. आश्चर्य वाटेल, पण ते तसेच आहे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ, पुढे १८९६ चा, आणि लागोपाठ १८९९ चा, ज्याला आपले जुने लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. या तीन तडाख्यांनी दख्खनचा पर्जन्यछायेतला पट्टा पार झोडपून निघाला. गुरे गेली, माणसे गेली. तेव्हा सरकारने १९०१ साली पाटबंधारे आयोग नेमला, आणि त्यानंतरच्या वर्षांत दख्खनमध्ये जी कामे हाती घेतली गेली त्यांत गोदावरीचे कालवे होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, नांदूर मध्यमेश्वराला, दगडी बंधारा उभा राहिला. वर इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर धरण झाले ते १९१६ साली.

या दोहोंची जोडी कशी चालते हे शिक्षकांनी मुलांना फळ्यावर काढून दाखवावे, असे मला वाटते. साठवण करायची ती डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाऊस धो धो कोसळतो. ते पाणी नदीच्या पात्रातूनच खाली सोडायचे. बंधाऱ्याने ते अडवायचे, थोडे उंच करायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे. म्हणजे नांदूरचा बंधारा हा पाण्याचा हौद नव्हे, तो दारेकरी! पाणी आले की कुठल्या पाटाला लावायचे एवढेच त्याचे काम. ते कोपरगाव-राहात्याकडे गेले, तिकडे ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. अलीकडच्या काळात इथूनच वैजापूर-गंगापूरकडे जलद कालवाही काढला आहे.

आता निसर्गाची गंमत पाहा. अडवलेले पाणी संथ होते आणि संथ पाणी हातातला गाळ खाली ठेवते. वर्षामागून वर्षे हा गाळ साचत राहिला. जलाशय उथळ झाला, मधे मधे बेटे तयार झाली, कडेला पाणकणीस आणि गवत माजले. इंजिनिअराच्या वहीत ही नुकसानीची बाब. पण पाखरांची वही निराळी असते. गुडघाभर पाणी, खाली चिखल, चिखलात किडे-शिंपले, लपायला गवत; परदेशातून थकूनभागून आलेल्या बदकाला याहून काय हवे? चक्रवाक आले, थापट्या आले, क्रौंच आले. चमचे आणि चित्रबलाक चिखलात चोची घालून उभे राहू लागले. कपाळावर पांढरा टिळा लावून काळ्या कपड्यांत थव्याने हिंडणाऱ्या एका पक्ष्याला तर आपल्या लोकांनी 'वारकरी' हे नाव दिले. नाव ठेवणारा मोठा रसिक असला पाहिजे.

सरकारने १९८६ साली हे अभयारण्य म्हणून जाहीर केले. लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणू लागले. पाणथळ जागांसाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी देशादेशांत करार झाला होता; त्याच्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून नांदूर मध्यमेश्वराची नोंद झाली, जून २०१९ या तारखेची, आणि आपल्याला ते कळले जानेवारी २०२० मध्ये. दुष्काळासाठी बांधलेल्या, गाळाने भरलेल्या बंधाऱ्याला असा जागतिक मान मिळाला.

तोवर भोवतालची शेती पालटून गेली होती. ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षाची लागवड केली, ती या भागातली आरंभीची. तेव्हा भोकरी जात होती. मग अनाबेशाही आली, मग बिनबियांची थॉमसन. १९६० साली द्राक्ष बागायतदारांनी आपला संघ काढला. ज्या तालुक्याच्या एका टोकाला बदके उतरतात त्याच तालुक्यात, पिंपळगाव बसवंतच्या अंगाला, मांडवामागून मांडव लागले.

शेतकऱ्याचे आणि पक्ष्याचे पंचांगही जुळते, बरं का. ऑक्टोबरात गोडी छाटणी उरकते तेव्हा उत्तरेकडून पहिले थवे येऊ लागतात. जानेवारी ते मार्च हा घड उतरवण्याचा हंगाम, आणि पाणथळीवर पाखरांची दाटी असते तीही तेव्हाच. मार्च सरता सरता बागही मोकळी होते आणि तळेही. मात्र थंडीबाबत दोघांचे पटत नाही. पारा फार उतरला की तयार मणी तडकतात, म्हणून बागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकचे पाणी सुरू करतो. त्याच पहाटे अंगावर शाल घेतलेला शहरी पाहुणा मनोऱ्यावर उभा राहून थंडीचे कौतुक करीत असतो!

वाइनची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी गावोगाव दोन मते आहेत. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, निफाड तालुक्यातच विंचूरला वाइन पार्क झाला. पण पाहुण्यांची खरी गर्दी जमली ती नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या आसपास. हे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. नाशिक शहर त्याचे पाणी पिते. त्याच्या परिसरात २००० च्या सुमारास वायनरी सुरू झाली आणि धरणाचे पाणी, बाग व पेला अशी तिहेरी सहल तयार झाली. तिकडे हॉटेले निघाली. चापडगाव, खानगाव थडी, मांजरगाव ही पाणथळीकाठची गावे मात्र त्या मानाने साधीच राहिली. तिथे वनखात्याने मनोरे बांधले आणि गावातली मुले वाटाड्याचे काम करू लागली. एखाद्या पोराला शंभर पाखरांची नावे तोंडपाठ असतात. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातली ही सर्वांत मोलाची मिळकत, आणि तिच्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष.

परंतु हे चित्र गोड गोड नाही. वरच्या अंगाला सायखेडा आणि चांदोरी ही गावे आहेत. २०१६ च्या आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पुराचे पाणी घुसले. गावकरी म्हणतात, बंधाऱ्यातला गाळ काढा, म्हणजे पाण्याला वाट मिळेल. त्यांचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? ज्याच्या ओट्यावर पाणी चढले त्याला बदकांचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. उलट गाळ सरसकट उपसला तर तळे खोल होईल आणि उथळ पाण्यात चालणारे पक्षी दुसरीकडे जातील. शहराच्या सांडपाण्याने जलपर्णी फोफावते, तिचा त्रास दोघांनाही. शिवाय कालव्याचे आवर्तन सुटले की पातळी खाली जाते, कारण हे पाणी अखेर शेतकऱ्याच्या हक्काचे आहे, आणि जायकवाडीसाठी वरून पाणी सोडण्याचा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहेच. मला वाटते, पात्राचा मधला प्रवाह मोकळा करून कडेचे उथळ भाग राखणे, हा मार्ग तपासून पाहायला हवा. आणि तो तपासताना सायखेड्याचा माणूस आणि चापडगावचा वाटाड्या, दोघेही बैठकीला हवेत.

शिक्षकांनी मुलांना न्यायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत न्यावे. निफाडला रेल्वे स्टेशन आहे, तिथून पुढे मोटारीने फार वेळ लागत नाही. उजाडायच्या आत पोचा. ऊन चढले की पाखरे आत सरकतात. भडक कपडे नकोत, डब्यांचा खणखणाट नको, कागद-पिशव्या परत आणा. शाळेत एकच दुर्बीण असली तरी चालते, पाळीपाळीने पाहता येते. आणि इतिहासाचा तास घ्यायचा असेल, तर चांदोरीला चौकशी करा. तिथे गोदावरीच्या पात्रात जुनी देवळे आहेत. बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली ती बुडालेली असतात, पाणी उतरले की वर येतात. त्या दिवसांत गेलात तर कोरलेल्या दगडांवर वाळलेला गाळ तुम्हाला हाताने खरवडून पाहता येईल.