वजन घटवण्याची प्रेरणा

वजन घटवण्याची प्रेरणा म्हणजे अतिरिक्त वजन असलेल्या व्यक्तीला आहारविहारात बदल करण्यास प्रवृत्त करणारी आणि तो बदल पुढे टिकवून धरणारी मानसिक, सामाजिक व शारीरिक कारणे. आरोग्य-मानसशास्त्रात आरंभाची प्रेरणा आणि सातत्याची प्रेरणा या दोन निराळ्या गोष्टी मानल्या जातात. ज्या कारणाने माणूस पहिल्या दिवशी पहाटे उठून चालू लागतो, त्याच कारणाने तो वर्षभरानंतरही चालत असेल असे नाही.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल होते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. सर्वेक्षणात शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) २५ किंवा त्याहून अधिक असलेल्यांची गणना होते. भारतीयांसाठी मात्र ही मर्यादा अधिक कडक असावी असे वैद्यकतज्ज्ञ मानतात. २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता, तसेच कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत, असे निकष येथे वापरले जातात.

या कडक निकषांमागील शास्त्रीय आधार समजून घेण्यासाठी पुण्यात झालेले काम महत्त्वाचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. दिसायला सडपातळ पण आतून मेदयुक्त अशी ही भारतीय शरीरयष्टी आहे. प्रेरणेच्या दृष्टीने तिचा परिणाम असा की, ज्याला वजन घटवण्याची खरी गरज आहे त्याला आरशात ती दिसतच नाही. ‘मी कुठे जाड आहे?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न त्यामुळे सर्वस्वी अज्ञानाचा म्हणता येत नाही.

आरंभाची कारणे

आरंभाला बहुधा एखादा प्रसंग निमित्त होतो. रक्ततपासणीच्या कागदावर साखरेचा आकडा वाढलेला दिसणे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी वजन कमी करून येण्यास सांगणे, समवयस्क भावाला हृदयविकाराचा झटका येणे ही वैद्यकीय निमित्ते होत. लग्नसमारंभातील छायाचित्र, न बसणारे कपडे, जिना चढताना लागलेली धाप ही दुसऱ्या प्रकारची. अमेरिकेत रीना विंग व जेम्स हिल यांनी १९९४ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवहीत किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर तरी राखलेल्या व्यक्तींची माहिती ठेवली जाते. त्या माहितीच्या विश्लेषणात वैद्यकीय निमित्ताने सुरुवात केलेल्यांची घट अधिक व पुन्हा चढलेले वजन कमी आढळले. म्हणजे भीती उपयोगी पडते. पण ती स्वतःच्या शरीराविषयीची असावी लागते, लोकांच्या बोलण्याची नव्हे.

टोमणे, थट्टा आणि टोपणनावे यांनी माणूस सुधारतो हा समज आपल्या घरांत व शाळांत खोल रुजलेला आहे. वर्गात ‘जाड्या’ म्हणून हाक मारली जाते आणि शिक्षकही त्यावर हसतात, हे अनेकांना आठवत असेल. संशोधनाचा निष्कर्ष याच्या उलट आहे. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत (२०१३) अँजेलिना सुटिन व अँटोनिओ टेराचियानो यांना असे दिसले की, आरंभी स्थूल नसलेल्या व्यक्तींपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला, त्या पुढील काही वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट होती. अपमानित माणूस व्यायामाच्या मैदानावर जाणे टाळतो आणि दुःखावर उतारा म्हणून खातो. चिडवण्याला प्रेरणेच्या साधनांत स्थान नाही.

पैशाचे आमिष हा आणखी एक उपाय. महाराष्ट्र पोलीस दलात शारीरिक क्षमता राखणाऱ्यांना दरमहा २५० रुपयांचा भत्ता देण्याची पद्धत आहे. या रकमेत आज काय होते, हा प्रश्न वेगळा. अमेरिकेत केव्हिन व्होल्प व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बक्षीस वा अनामत रकमेच्या योजनेतील व्यक्तींनी सोळा आठवड्यांत सुमारे सहा किलो, तर अशी योजना नसलेल्यांनी दोन किलोंहूनही कमी वजन घटवले. पैसे थांबल्यानंतर काही महिन्यांत मात्र दोन्ही गटांतील फरक लक्षणीय राहिला नाही.

सातत्य

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तानुसार बाह्य दबावाने केलेली कृती दबाव सरताच मंदावते. व्यक्तीने स्वतःच्या मूल्यांशी जोडलेली कृती टिकते. ‘मुलीच्या लग्नाआधी दहा किलो’ हे उद्दिष्ट लग्नाबरोबर संपते. ‘नातवाला उचलून घेता यावे’ हे उद्दिष्ट रोजचे असते.

उद्दिष्टाच्या आकाराचाही प्रश्न आहे. गॅरी फॉस्टर व सहकाऱ्यांनी १९९७ साली स्थूल स्त्रियांना उपचारापूर्वी किती वजन घटावे असे विचारले. त्यांची सरासरी अपेक्षा शरीराच्या ३२ टक्के वजनाची होती आणि १७ किलोंची घट त्यांना निराशाजनक वाटणार होती. अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर प्रत्यक्ष घट सरासरी १६ किलो झाली. वैद्यकीय दृष्टीने हे मोठे यश होते. जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या लेखी मात्र ते निराशेच्या रेषेपर्यंतही पोहोचले नव्हते. याउलट, शरीराच्या केवळ ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य ठेवलेल्या अमेरिकी मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले.

सवय एकवीस दिवसांत लागते, असे व्याख्यानांतून सांगितले जाते. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असा बदलला. बाविसाव्या दिवशी चालायला जाण्याचा कंटाळा येणारा मनुष्य आळशी ठरत नाही. नोंदवहीतील यशस्वी व्यक्तींपैकी सुमारे ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

शरीर स्वतःच या प्रयत्नाला विरोध करते. ऑस्ट्रेलियातील प्रिया सुमित्रन व सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की, आहारनियंत्रणाने वजन घटल्यावर भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांतील बदल वर्षभरानंतरही ओसरलेले नव्हते. त्यामुळे पुन्हा चढलेल्या वजनाचे खापर केवळ इच्छाशक्तीच्या अभावावर फोडणे अन्यायाचे आहे. सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ पासून वजन घटवण्यासाठी भारतातही मिळू लागली आहेत; परंतु औषध थांबवल्यावर वजन परत चढू लागते, असे चाचण्यांत दिसले आहे.

महाराष्ट्रातील चळवळ

मराठी समाजात या विषयाला घरोघरी पोहोचवले ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेने. नागपूरचे बहुपदवीधर नेते डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी आपल्या व्याख्यानांतून खाण्याच्या वेळा व इन्शुलिन यांचा संबंध मांडला होता. जनऔषधवैद्यक विषयाचे प्राध्यापक असलेल्या दीक्षित यांनी तो विचार पुढे नेला. कडक भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, गोड टाळावे व रोज ४५ मिनिटे चालावे, हे त्याचे सार. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी हा प्रयोग करू नये, असे ते सांगतात. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जेवणांची संख्या बदलणे धोक्याचे असते.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाण्याचा आणि पारंपरिक स्थानिक अन्नाचा पुरस्कार करतात. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद २०१८च्या सुमारास वृत्तपत्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत रंगला. त्या वादात आहारशास्त्र किती होते आणि करमणूक किती, हे सांगणे कठीण. मात्र प्रेरणेच्या अभ्यासकाला दीक्षित यांची पद्धत लोकांना का पेलली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटेल. तीत उष्मांक मोजावे लागत नाहीत, वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, पैसे पडत नाहीत. नियम एका वाक्यात सांगता येतो. अनुयायांचे व्हॉट्सअ‍ॅप गट तयार झाले व तेथे लोक आपले आकडे एकमेकांना कळवू लागले. शिवाय एकभुक्त राहण्याची व चातुर्मासातील नियमांची परंपरा असलेल्या समाजाला ‘दोनदाच जेवा’ ही भाषा परकी नव्हती. अर्थात उपवासाची परंपरा नेहमीच वजनाच्या बाजूने काम करते असे नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीचा अनुभव घेऊनच झालेली असावी.

खानदेशातील परिस्थिती

जळगाव-धुळे भागात प्रेरणेला हवामान आणि आतिथ्य अशा दोघांशी झुंजावे लागते. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चोपड्यासारख्या गावी एप्रिल-मे महिन्यांत फिरायला जायचे तर उजाडण्यापूर्वीच. सात वाजल्यानंतर निश्चयी माणूसही सावली शोधतो. सकाळी सोबती असणे येथे निव्वळ गप्पांसाठी नसते. दारात कोणी उभे आहे, एवढ्यासाठीच पुष्कळ लोक अंथरूण सोडतात.

आहारात कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, डाळी अशी उत्तम परंपरा आहे. त्याच परंपरेत तर्रीदार शेवभाजी आणि तुपात बुडवलेली बट्टीही आहे. शेतातील कष्ट ट्रॅक्टर व ठिबक सिंचनाने हलके झाले, भाजीवरचा तेलाचा तवंग मात्र पूर्वीइतकाच राहिला. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने खापरावरची पुरणपोळी व आमरस नाकारणे म्हणजे आईला नाकारणे होय. श्रावणात कानबाईचे रोट घरातल्यांनीच संपवायचे असतात. आग्रहाला ‘डॉक्टरांनी मना केले आहे’ एवढेच उत्तर येथे मान्य होते. ‘मला वजन कमी करायचे आहे’ हे उत्तर मान्य होत नाही, विशेषतः स्त्रीच्या तोंडून. घरच्यांची जेवणे उरकल्यावर उरलेले वाया जाऊ नये म्हणून खाणाऱ्या गृहिणीला आहाराचे नियोजन करायचे, तर आधी घरातील जेवणाचा क्रम बदलावा लागतो. पती सोबत चालू लागला किंवा संध्याकाळचे जेवण सर्वांनी एकत्र घेण्याचे ठरले, की तिचे काम निम्म्याने सोपे होते.

चोपडा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, बारेला, तडवी अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. तेथील अंगणवाडीत वजनकाटा असतो तो बालकांचे वजन पुरेसे वाढते आहे की नाही, हे पाहण्यासाठी.