पिनाइसाराच्या वाटेवरचा हजेरीपट

पिनाइसारा धबधब्याकडे जायचं तर आता आधी नाव नोंदवावं लागतं. हिनाई नदीच्या खोऱ्यात, म्हणजे या धबधब्याच्या वाटेवर, दिवसाला 200 माणसं. शेजारच्या निशिदा नदीकडे 100. बेटावरच्या सगळ्यांत उंच कोमी डोंगरावर फक्त 30. मार्च 2025 पासूनचा हा नियम आहे. गाइडने आमची नावं कागदावर टिपली, चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि होड्या मोजल्या. माझी आई मालवण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "हजेरी घेता हा तो."

पिनाइसारा ज्यावर आहे ते इरिओमोते बेट जपानच्या नकाशात बहुधा कोपऱ्यातल्या चौकटीत छापतात, कारण मुख्य नकाशात ते मावत नाही. टोकियोपासून दोन हजार किलोमीटर दूर, तैवानपासून सुमारे दोनशे. अक्षांश जवळपास आपल्या उदयपूरचा, पण हवा कोकणातल्या जून महिन्याची. क्षेत्रफळ 289 चौरस किलोमीटर, वस्ती अडीच हजारांच्या आत, विमानतळ नाही. इशिगाकीहून बोटीने यायचं. बेट ज्या ताकेतोमी नगरात मोडतं त्या नगराची कचेरीसुद्धा नगरात नाही, शेजारच्या इशिगाकी शहरात आहे. सगळ्या बेटांच्या बोटी तिथेच लागतात, त्यामुळे लोकांना तीच जागा सोयीची. सरकारी कारभारात इतका व्यवहारीपणा मी टोकियोतल्या निशीकासाईत इतकी वर्षं राहून क्वचितच पाहिला.

कयाक दोघांची होती, आई पुढे आणि मी मागे. आईचं वल्हं बहुतेक वेळ मांडीवर आडवं होतं, कारण तिचं लक्ष काठावर. दोन्ही बाजूंनी मुळांच्या कमानी चिखलात रोवून उभी असलेली झाडं आली तशी ती ओरडलीच, "अगो, ही तर आपली कांदळां! हय खंय इली?" गाइडला मी सांगितलं की आमच्या खाडीत याच झाडाची सख्खी भावंडं आहेत. महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्याचं कांदळवृक्ष म्हणून निवडलेली पांढरी चिपीही याच बेटावर दुसरीकडे वाढते, हे त्याला माझ्याकडून कळलं. मग वर घिरट्या घालणारा सर्पगरुड दिसला. तोही आपल्याकडचाच, फक्त आकाराने लहान. आईला परदेशात आल्यासारखं वाटेना, आणि त्याचा तिला थोडा रागही आला.

माणसाचा हात न लागलेलं जंगल, अशी या सहलींची जाहिरात असते. ते खरं नाही. या नद्यांच्या काठी माणसं शेकडो वर्षं येत होती, बऱ्याचदा स्वतःच्या मर्जीविरुद्ध, आणि मरत होती किंवा परत जात होती. जंगल दाट राहिलं त्याचं श्रेय निसर्गापेक्षा अ‍ॅनोफिलिस डासाला जास्त जातं. या बेटावर हिवताप होता, आणि आजूबाजूच्या सपाट, पोवळ्याच्या बेटांवर तो जवळजवळ नव्हता. इरिओमोतेचा सगळा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

1609 मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी ऱ्युक्यूचं, म्हणजे आजच्या ओकिनावाचं, राज्य जिंकलं आणि त्यांच्या खंडणीचा बोजा शेवटी सगळ्यांत दूरच्या मियाको आणि याएयामा बेटांवर पडला. इरिओमोते याएयामातच येतं. सतराव्या शतकात तिथे डोईपट्टी बसली. पंधरा ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक माणसावर कर, पीक येवो न येवो. पुरुषांनी भात द्यायचं, बायकांनी विणलेलं कापड. आता भात लावायचं तर वाहतं पाणी हवं, आणि हातोमा, ताकेतोमी, कुरोशिमा या बेटांवर नदी नावालाही नाही. नदी, डोंगर, लाकूड सगळं इरिओमोतेवर. म्हणून हातोमाचे लोक समुद्र ओलांडून समोरच्या किनाऱ्यावर यायचे, शेतातल्या खोपीत राहून लावणी-कापणी करायचे आणि भाताच्या होड्या भरून घरी परतायचे. 'हातोमा-बुशी' हे तिथलं प्रसिद्ध गाणं त्या भरून येणाऱ्या होड्यांचंच आहे. आज त्यावर छान नाच बसवतात. ज्या भाताचं त्यात कौतुक आहे त्यातलं बरंचसं करात जात होतं, हे नाचणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

एवढ्यावर राज्याचं भागलं नाही. इरिओमोतेवरच गावं वसवली तर कर वाढेल, म्हणून इतर बेटांवरची माणसं हुकमाने उचलून तिथे नेली. पश्चिम किनाऱ्यावरचं साकियामा 1755 मध्ये असं वसलं. हातेरुमाच्या लोकांना तिथे पाठवलं होतं. अशा वेळी कोणी जायचं हे गावाने नाही, कचेरीने ठरवायचं. ताप यायचा, वस्ती रोडावायची, मग पुन्हा माणसं. साकियामा 1948 मध्ये कायमचं ओस पडलं. डोईपट्टी त्याआधीच, 1903 मध्ये, रद्द झाली होती. आपल्याकडे तेव्हा टिळक 'केसरी' चालवत होते, आणि जपानच्या या टोकाला माणसं मोजून भात घेणं नुकतं थांबलं होतं.

मग कोळसा. 1886 मध्ये गृहमंत्री यामागाता आरितोमो या बेटांच्या दौऱ्यावर आले, आणि त्याच वर्षी मित्सुई कंपनीने उचिबानारी या चिमुकल्या बेटावर खाण सुरू केली. मजूर म्हणून कैदी आणले. कैद्यांना डासांनी खाल्लं. 1889 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, पण कोळशाचा मोह गेला नाही. पुढे लहान लहान कंपन्या आल्या. आता कैदी नव्हते, म्हणून दलाल क्यूशू, तैवान आणि इतर ठिकाणांहून पोरं पटवून आणत. दक्षिणेचं सुंदर बेट, झाडावरून तोडून खावीत अशी फळं, मजुरी चांगली, असं सांगत. ही वर्णनं वाचताना मला आमच्या सहलीचं माहितीपत्रक आठवलं. त्यात फळांच्या जागी धबधबा होता, एवढाच फरक.

उराउची ही ओकिनावातली सगळ्यांत लांब नदी. तिच्यातून पर्यटकांच्या मोठ्या बोटी मारियुदो आणि कानपिरे या धबधब्यांकडे जातात. मारियुदोचं नाव जपानच्या शंभर धबधब्यांच्या यादीत आहे. बहुतेक लोक तिथे जाऊन, फोटो काढून परततात. पण धक्क्यापासून एक वाट झाडीत शिरते आणि अर्ध्या तासाच्या आत उतारा खाणीच्या अवशेषांशी पोहोचते. पिनाइसाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे गेलो. विटांचे खांब उभे आहेत, त्यांच्यावरून एकेकाळी कोळशाच्या ढकलगाड्या जायच्या. आता खांबांना वडाच्या जातीच्या गाजुमारू झाडाची मुळं इतकी घट्ट कवटाळून बसली आहेत की झाड काढलं तर खांब पडेल आणि खांब पडला तर झाड. 1930 च्या दशकात इथे वसतिगृहं होती, सिनेमा-नाटकासाठी सभागृह होतं. ऐकायला हे चांगलं वाटतं. मजुरी मात्र कंपनीने स्वतः छापलेल्या कुपनांत मिळायची आणि ती कंपनीच्याच दुकानात चालायची. प्रवासखर्च, अंथरूण, अवजारं सगळं आधीच खात्यावर कर्ज म्हणून मांडलेलं. कोळशाचे थर पातळ, कुशीवर आडवं पडून खणायचे. पळायचं तर समोर नदी आणि मागे हे जंगल, आणि पळालेल्याला शोधायला माणसं ठेवलेली. म्हणून खाणकामगारांच्या या जगाला 'हिरवा तुरुंग' म्हणत. ह्वांग इन-यू या तैवानी दिग्दर्शकाने 2021 मध्ये त्याच नावाचा माहितीपट केला, तो तिथेच राहून गेलेल्या एका तैवानी म्हातारीवर. पेव फुटल्यासारखे पर्यटनाचे माहितीपट निघत असताना हा एक वेगळा आहे, मिळाला तर पाहावा.

युद्धात खाण बंद पडली आणि बेटाचा सगळ्यांत वाईट काळ आला. हातेरुमा हे जपानचं दक्षिणेकडचं शेवटचं वस्तीचं बेट. तिथे खोट्या नावाने शिक्षक बनून आलेला एक तरुण खरं तर लष्कराच्या नाकानो गुप्तहेर शाळेत तयार झालेला होता. 1945 च्या वसंतात त्याने तलवार उपसली आणि लष्कराचा हुकूम म्हणून सगळ्या गावाला इरिओमोतेच्या दक्षिण किनाऱ्यावर हलवलं. जनावरं आधी मारून टाकायला लावली. अमेरिकन फौजा हातेरुमावर उतरल्याच नाहीत. दीड हजारांहून थोडे जास्त लोक होते, जवळजवळ सगळ्यांना हिवताप झाला आणि 477 मेले. शाळेचे मुख्याध्यापक शिकिना शिनशो यांनी किनाऱ्यावरच्या खडकावर काही अक्षरं कोरली, हातेरुमाने हे विसरू नये अशा अर्थाची, आणि खाली आपलं नाव. त्यांच्या शाळेतली 66 मुलं गेली होती. सगळ्या याएयामात या युद्धकाळातल्या हिवतापाने मेलेल्यांची नोंद 3,647 आहे. आईला मी हे आकडे रात्री पाहुणघरात वाचून दाखवले. 66 वर ती थांबली आणि विचारलं, एका शाळेतली? हो म्हटल्यावर तिने पुढचं वाचू दिलं नाही.

हिवताप शेवटी अमेरिकन अमदानीत गेला. 1957 मध्ये व्हीलर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाच्या आराखड्याने घराघरांत डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि 1962 मध्ये याएयामात एकही रुग्ण उरला नाही. हे नंतर ऐकून आईची कळी खुलली. आपल्याकडे राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम 1953 चा. आजोळच्या मातीच्या भिंतीवर फवारणीवाले गेरूने तारीख लिहून जायचे, आणि आजी ती शेणाने सारवायची नाही, कारण सरकारी अक्षर आहे, हे तिने मला दहाव्यांदा तरी सांगितलं असेल.

डास गेल्यावर इरिओमोते पहिल्यांदाच सुखाने राहण्याजोगं झालं, आणि नेमकं तेव्हाच बेटाला मांजर सापडलं. 1965 मध्ये लेखक तोगावा युकिओ यांच्या हाती एक कातडं आणि कवटी आली. 1967 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इमाइझुमी योशिनोरी यांनी इरिओमोते रानमांजराचं शास्त्रीय वर्णन केलं. अशी मांजरं शंभराच्या आसपास आहेत, जगात फक्त इथे. पुढच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी मांजर जगवायचं तर माणसांनी बेटावरून हलावं असं सुचवलं आणि बेटावर संताप उसळला. मला तो संताप अगदी रास्त वाटतो. ज्यांच्या पणज्यांना हुकमाने इथे आणलं, ज्यांच्या आजांना हुकमाने इथे मरायला ठेवलं, त्यांना आता हुकमाने जा म्हणायचं! लोक गेले नाहीत. रस्त्याकडेला मांजरांच्या पिवळ्या पाट्या लागल्या, गाड्या हळू झाल्या, आणि दोघंही राहिले.

ओकिनावा 15 मे 1972 रोजी जपानकडे परतलं आणि त्याच दिवशी हे बेट राष्ट्रीय उद्यान झालं. जुलै 2021 मध्ये अमामी, तोकुनोशिमा आणि उत्तर ओकिनावाबरोबर इरिओमोते जागतिक वारसा यादीत आलं, आणि यादीत घालतानाच समितीने इथली पर्यटकांची संख्या रोखा किंवा कमी करा असं बजावलं. गाइडांना नगराचा परवाना त्याआधीपासूनच लागत होता. मग बेटासाठी दिवसाला 1,200 ची मर्यादा आणि शेवटी नद्यांच्या वाटेवरची ही हजेरी आली. काही गाइड कुरकुरतात. धंद्याच्या दृष्टीने त्यांचंही खरं. पण या बेटावर माणसं मोजायचा कागद प्रथमच येणाऱ्याच्या बाजूने नाही, बेटाच्या बाजूने लिहिला गेलाय, म्हणून मी त्या कागदावर आनंदाने सही केली.

पुन्हा पहिल्या दिवसाकडे. पिनाइसारा 55 मीटर उंच, ओकिनावातला सगळ्यांत उंच. कयाक बांधून चढ लागतो. वाटेत एका मोठ्या झाडाची फळीसारखी मुळं आपल्या कमरेएवढी उभी राहतात. आईने खालच्या डोहापर्यंतच यायचं ठरलं होतं, पण गाइडने हळूहळू तिला वर नेलं. माथ्यावर पाणी खडकाच्या सपाटीवरून जातं आणि एकदम दिसेनासं होतं. कडेपासून लांब बसायचं, पाऊस झाला तर लगेच उतरायचं, कारण वरचं पाणी मिनिटांत चढतं, हे गाइड परत परत सांगत होता. त्याने शेगडी काढून याएयामा सोबाचं, म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सूपचं, पाणी ठेवलं. समोर खाडीवरचा रस्ता, त्यापलीकडे समुद्र, आणि समुद्रात पसरट, बुटकं हातोमा.

त्याच हातोमाचं त्याने सांगितलं. तिथले लोक काम शोधत इशिगाकीला आणि पुढे गेले. 1982 मध्ये शाळेत मूल उरेना, शाळा बंद होणार. शाळा गेली की बेट गेलं, हे लोकांना कळत होतं. मग त्यांनी बाहेरून मुलं मागून आणली, कुणी नातेवाइकांची, कुणी अनाथालयातली, आणि आपल्या घरी ठेवून शाळेत घातली. शाळा टिकली. त्यावर पुढे टीव्ही मालिकाही झाली.

आई सोबा विसरून ऐकत होती. तिची स्वतःची शाळा निवृत्तीच्या वर्षी दुसऱ्या शाळेत मिसळायचा विषय निघाला होता, तेव्हा ती वाडीवाडीत जाऊन पोरं गोळा करत फिरली होती. मी मराठीत सगळं सांगून संपवलं तशी ती म्हणाली, "त्येका इचार, आता शाळेत पट किती आसा?"

गाइडला नेमका आकडा ठाऊक नव्हता. त्याच्या सासूबाई हातोमाच्या, त्यांना फोन करून संध्याकाळी कळवतो म्हणाला. "आणि इयत्ता किती ताही इचार," आई म्हणाली, आणि वाटीतला सोबा ढवळायला लागली.