कोठडीतले मन : प्रार्थनेतील विक्षेपाचा इजिप्शियन इतिहास

चौथ्या शतकात नाईलच्या त्रिभुज प्रदेशालगतच्या वाळवंटात, नायट्रियाच्या पलीकडे, ‘केलिया’ म्हणजे कोठड्यांची वस्ती वसली. तेथे गेलेल्या ख्रिस्ती तपस्व्यांनी बाजार आणि गोतावळा मागे टाकला होता. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानी पडू नये इतक्या अंतरावर ते राहत आणि शनिवार-रविवारीच सामुदायिक उपासनेसाठी जमत. तरीही प्रार्थनेला उभे राहताच मन थाऱ्यावर राहत नाही, हा अनुभव त्यांना तेथेच प्रकर्षाने आला, कारण दोष द्यायला बाहेरचे निमित्तच उरले नव्हते.

या अनुभवाची पहिली पद्धतशीर मांडणी केली ती पोन्टस प्रांतातून आलेल्या एव्हाग्रियसने (सुमारे 345 ते 399). कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन, म्हणजे धर्मगुरूंचा साहाय्यक, म्हणून नावाजलेला हा विद्वान केलियात हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरत असे. मनात शिरणाऱ्या वासनामय विचारांना ग्रीकमध्ये ‘लोगिस्मोई’ म्हणत. त्यांचे त्याने खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ प्रकार पाडले. हे विचार येणे माणसाच्या हाती नाही, पण ते रेंगाळू देणे त्याच्याच हाती आहे, हा त्याने केलेला भेद फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे विचलित झालेला साधक अपराधभावातून सुटतो आणि तरीही जबाबदारीतून सुटत नाही. ज्या भावाशी वैर धरले, त्याचाच चेहरा प्रार्थनेच्या वेळी आडवा येतो, हेही त्याने बारकाईने टिपले.

‘अकेडिया’चे, म्हणजे साधनेविषयीच्या उबगाचे, त्याचे वर्णन तर डोळ्यांपुढे उभे राहते. सकाळी दहाच्या सुमारास हा उबग गाठतो. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते. तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, दुपारी तीनच्या सुमारास असणारे जेवण किती दूर आहे याचा अंदाज घेतो, कोणी भेटायला येते का ते न्याहाळतो, आणि मग ही जागा, हे हातकाम, हे सोबती सारेच त्याला नकोसे होतात.

उपायही या जीवनातूनच निघाले. वाळवंटातील तपस्वी अँटनी याच्याविषयीच्या एका आख्यायिकेत, उबगलेल्या अँटनीला एक पुरुष बसून दोरी वळताना, उठून प्रार्थना करताना आणि पुन्हा दोरीकडे वळताना दिसतो. हाताला काम आणि प्रार्थनेला छोटे टप्पे, हीच त्यातली शिकवण होती. एव्हाग्रियसने ‘अँतिर्‍हेतिकोस’ या ग्रंथात प्रत्येक विचाराला प्रत्युत्तर म्हणून बायबलमधील वचने संकलित केली. इजिप्तमध्ये राहून आलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्सेलीस येथे लिहिलेल्या संवादांत तर आणखी सूक्ष्म अडचण नोंदवली आहे : मन एका स्तोत्रावरून दुसऱ्या स्तोत्रावर उडते, म्हणजे पवित्र शास्त्रच विक्षेपाचे कारण होते. त्यावर संवादांतील अब्बा (पिता) आयझॅक भूक, झोप, क्रोध अशा प्रत्येक अवस्थेत देवाचा धावा करणारी, स्तोत्रसंहितेतील 70व्या स्तोत्राची पहिली ओळच घोळवत राहायला सांगतात. पुढे बेनेडिक्टच्या मठ-नियमांत तीच ओळ नित्य प्रार्थनांच्या आरंभी आली आणि खासगी प्रार्थना थोडक्यात असावी, असेही त्या नियमांत नमूद झाले.

एव्हाग्रियसच्या तत्त्वज्ञानात्मक मतांना सहाव्या शतकात पाखंड ठरवण्यात आले आणि त्याचे पुष्कळसे लेखन मूळ ग्रीकमध्ये नष्ट झाले. मात्र प्रार्थनेवरील त्याची 153 छोटी प्रकरणे मठवासीयांनी टाकून दिली नाहीत, तर नायलस या दुसऱ्याच संताच्या नावाखाली शतकानुशतके उतरवून घेतली.