पाण्याखालचे खांब

आम्स्टरडॅम हे नाव मुळात एका बंधाऱ्याचे. आम्स्टेल नदीला बांध घातला, बांधाशेजारी कोळ्यांची वस्ती वाढली, आणि त्या वस्तीचेच पुढे दर्यावर राज्य करणारे नगर झाले.

हे शहर पाहावे ते पायी. मध्ये जुने गाव आणि त्याला वेढून एकाबाहेर एक अर्धवर्तुळाकार कालवे. वस्ती गावात मावेना, तेव्हा १६१३ साली नगराच्या कारभाऱ्यांनी ते खणायला काढले. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. म्हणजे मातब्बरांचा, बादशहाचा आणि राजपुत्राचा कालवा. नावे दरबारी, पण काठावर राहायला आले ते व्यापारी. त्यांच्या घरांचे तोंड अरुंद आणि पोट लांबलचक. माथ्यावर एक तुळई बाहेर डोकावते, तिला लोखंडी आकडा. जिना इतका चिंचोळा, की सामान दोराने ओढून खिडकीतूनच आत घ्यायचे. पोटमाळ्यावर मालाचे कोठार. घर कसले, राहती वखारच ती!

ही सारी वस्ती दलदलीवर उभी आहे. लाकडी खांब चिखलातून खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकायचे आणि त्यांवर भिंती चढवायच्या, अशी इथली रीत. पाण्यात बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते. पाणी उतरून त्याला वारा लागला, की कुजू लागते. १६४८ साली बांधायला घेतलेला नगरवाडा, जो आज राजवाडा आहे, अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे. त्याच्या भव्य दालनात संगमरवरी फरशीत पृथ्वीचे गोलार्ध रेखले आहेत. त्या नकाशावरून चालताना मी थबकलो. जगाला पायाखाली घेणाऱ्या या ऐश्वर्याचे खरे खांब कोणते?

१६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिचे भाग कोणालाही घेता येत. आम्स्टरडॅममध्ये हजारावर लोकांनी ते घेतले, त्यांत एक मोलकरीणही होती. आपण श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ त्या काळी पिकत असे फक्त पूर्वेकडच्या बांदा बेटांवर. त्याचा मक्ता हाती यावा म्हणून १६२१ साली कंपनीच्या यान पीटरझोन कून याने ती बेटे जिंकली. तिथे सुमारे १५ हजार माणसे होती असा अंदाज आहे; मारली गेली, उपाशी मेली, पळाली, गुलाम झाली, आणि हजारभर उरली. मग जायफळाच्या बागांत राबायला गुलाम आणले गेले. पोटमाळ्यापर्यंत चढणारा तो दोर कुठवर पोचला होता, हे यावरून ध्यानात यावे.

तो आपल्या किनाऱ्यालाही लागला होता. १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली; गोव्याच्या पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी ती जागा मोक्याची होती. तिथून जाणाऱ्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या असत. आम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्या चित्रसंग्रहात महाराजांचे एक चित्र होते; ते आज तिथल्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. महाराजांची छबी पाहायला मराठी माणसाने परक्या व्यापाऱ्याच्या गावी जावे, हा इतिहासाचा खेळ!

हेरेनग्राख्तवर ५०२ क्रमांकाचे घर आहे. १६७२ साली ते गुलामांच्या व्यापारातल्या पाउलस गोडिन या धनिकासाठी बांधले गेले. आज ते नगराध्यक्षांचे निवासस्थान आहे. २००६ साली त्या घरापुढे एक स्मृतिफलक बसवला गेला, त्यावर गोडिनच्या धंद्याची नोंद आहे. १ जुलै २०२१ रोजी नगराध्यक्ष फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीत शहराने घेतलेल्या वाट्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. बांदाची मेलेली माणसे त्याने परत येत नाहीत, हे खरेच. परंतु मुलांना इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा फलक मोलाचा वाटतो. पूर्वजांचे वैभव सांगायला सारेच पुढे होतात. त्याची किंमत कोणी मोजली, हे आपल्याच दारावर लिहायला छाती लागते. आपल्याकडेही वाडे आहेत, गढ्या आहेत. त्यांच्या दारांवर काय लिहावे लागेल?