जुन्या पदांचे नवे अवतार

एकानें बांधलेलें गाणें दुसऱ्यानें गावें, यांत नवल नाहीं. गाणें गाइल्यानेंच जगतें. परंतु दुसऱ्याचें गाणें हातीं घेऊन त्याची लय बदलावी, त्याचा आकार दुप्पट-चौपट करावा, आणि मूळ रचणाऱ्याच्या स्वप्नींही नसलेला अर्थ त्यांतून काढावा, ही गोष्ट निराळी. तिला नक्कल म्हणतां येत नाहीं आणि सर्वस्वी नवी रचनाही म्हणतां येत नाहीं. पाश्चात्य रॉक संगीतांत १९६७ सालाच्या आगेंमागें या प्रकाराला मोठा बहर आला. मनाच्या नेहमींच्या भानापलीकडला अनुभव स्वरांनीं उभा करूं पाहणारा ‘सायकेडेलिक’ पंथ आणि लहानशा गीताला दीर्घ, अनेकांगी रचनेचें रूप देणारा ‘प्रोग्रेसिव्ह’ पंथ, या दोहोंनीं आपल्या आधींचीं लोकप्रिय गीतें अशीच नव्यानें घडविलीं.

न्यूयॉर्ककडील व्हॅनिला फज नांवाच्या चौघा तरुणांनीं १९६७ सालीं सुप्रीम्स या गायिकांचें ‘यू कीप मी हँगिंग ऑन’ हें आदल्याच वर्षींचें चपळ, नाचरें गीत घेतलें. त्याची लय त्यांनीं अगदी संथ केली, तिच्यावर ऑर्गनचे जड स्वर चढविले, आणि तीन मिनिटांच्या आंतलें तें गीत मोठ्या तबकडीवर सात मिनिटांच्या घरांत नेलें. मुळांतली लाडिक तक्रार येथें आक्रोश झाली. पुढल्या वर्षीं इंग्लंडांतील जो कॉकर यानें बीटल्स मंडळींचें एक हसरें, खेळकर गीत तीन मात्रांच्या झोक्यावर टाकून त्याची जवळजवळ प्रार्थना केली. १९७२ सालीं ‘येस’ या वाद्यवृंदानें पॉल सायमनचें ‘अमेरिका’ हें मितभाषी गीत दहा मिनिटांपर्यंत लांबविलें. एका गीताचें हें वाढणें आम्हांस चमत्कारिक वाटूं नये. आमच्याकडे, विशेषतः कोल्हापूरच्या परिसरांत, हा व्यवहार त्यापूर्वीं अर्धशतक चालू होता. फक्त त्याला आम्ही नाट्यसंगीत म्हणत होतों.

संगीत नाटकाचें एखादें जुनें पुस्तक उघडून पाहावें. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढें दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द छापलेले आढळतात. हें पद अमक्या गाण्यावरून घेतलें आहे, अशी ती उघड कबुली. तींत कोणास कमीपणा वाटत नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हां त्यांतील पदें कीर्तनांतल्या साकी-दिंडीवर, कर्नाटकी चालींवर आणि घरोघर ठाऊक असलेल्या वळणांवर रचलेलीं होतीं. चाल ओळखीची आणि शब्द नवे, हा या व्यवहाराचा पहिला टप्पा. यांत विस्ताराला फारसा वाव नव्हता. कथानक पुढें जावें आणि श्रोत्याला गाणें चटकन् उमगावें, एवढाच हेतु असे.

दुसऱ्या टप्प्यावर कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे भेटतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस झालें, त्याच्या चाली टेंब्यांच्या. हा मनुष्य मूळचा पेटीवाला; आणि पेटी वाजविणाऱ्याचा कान दुसऱ्याच्या गळ्यांतील जागा टिपून ठेवण्यांत तयार झालेला असतो. पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे आणि कजऱ्या त्यांनीं बैठकींतून ऐकल्या होत्या. त्यांचीं वळणें त्यांनीं उचललीं आणि खाडिलकरांनीं त्या वळणांत मराठी शब्द बसविले. जी चाल बनारसकडे विरहिणीची होती, ती येथें श्रीमंतीच्या तोऱ्यांत वाढलेल्या भामिनीच्या मुखीं आली. टेंब्यांचें खरें कर्तृत्व, मला वाटतें, निवडीचें आहे. ठुमरी हा मुळांतच एका बोलाभोंवतीं फिरून त्याचे निरनिराळे अर्थ काढणारा प्रकार. त्याची चाल घेतली, म्हणजे त्यासंगें विस्ताराचें बीजही रंगभूमीवर आलें.

तें बीज वाढविण्याची विद्या गांवांतच होती. अल्लादियाखाँसाहेब १८९५ च्या सुमारास कोल्हापुरास आले आणि १९२२ सालीं शाहू छत्रपति निवर्तेपर्यंत दरबारचे गवई म्हणून येथेंच राहिले. तारुण्यांत अतिश्रमानें त्यांचा आवाज गेला होता. पुढें परत आलेला आवाज पूर्वींसारखा नव्हता, म्हणून त्यांनीं त्याला मानवेल अशी नवी गायकी घडविली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. या गायकींत तान तुटक पडत नाहीं. एका स्वराच्या आंसेंतून दुसरा स्वर निघतो, लयीच्या अंगानें वळत-वळत जातो आणि समेवर असा येतो, कीं दुसरीकडे जाण्याची वाटच नव्हती असें वाटावें. टेंबे त्यांच्या सहवासांत होते. भास्करबुवा बखले, ज्यांनीं त्यापूर्वींच दोन-तीन घराण्यांची विद्या पचविली होती, तेही त्यांच्याजवळ शिकले. याच भास्करबुवांनीं १० डिसेंबर १९१६ रोजीं रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवरा’च्या चाली दिल्या. यमन, भूप, बिहाग यांसारखे भारदस्त राग ख्यालाच्या मांडणीसह नाटकांत शिरले. आतां पदाचा मुखडा हा ख्यालाच्या मुखड्यासारखा झाला. तो धरून कितीही दूर जावें आणि पुन्हा त्यावरच यावें.

येथून तिसरा टप्पा सुरू होतो, आणि रॉकच्या उदाहरणांशीं ज्याचें खरें साम्य आहे तो हाच. आतां चालही तीच आणि शब्दही तेच. बदलतो तो गळा. बालगंधर्वांनीं एक पद रात्रीं तीन-चार वेळां गावें आणि प्रत्येक वेळीं त्याची निराळी बाजू दाखवावी, हें त्यांच्या श्रोत्यांना नित्याचें होतें. ‘वन्समोअर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘तेंच पुन्हा’ असा होतो. गंधर्वांच्या प्रयोगांत त्याचा अर्थ ‘तेंच, पण निराळें’ असा झाला. साथीला ऑर्गन, सारंगी आणि कांहीं काळ अहमदजान थिरकवांचा तबला असतां गायकाला दूरच्या वाटेनें जाऊन परतण्याचा धीर कां येऊं नये?

त्यांच्या समोरच्या पारड्यांत कोल्हापूरचेच केशवराव भोसले होते. जन्म ९ ऑगस्ट १८९०. १९०८ सालीं, म्हणजे अठरा वर्षांचे होण्यापूर्वींच, त्यांनीं ‘ललितकलादर्श’ काढली. त्यांचा आवाज उंच, धारदार, विजेसारखा फिरणारा. गंधर्वांचा मार्दवाकडे झुकणारा, शब्दाला गोंजारणारा. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडाकरितां मुंबईच्या बालीवाला थिएटरांत दोघांनीं मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलें. गंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्या रात्रीची थोरवी केवळ दोन मोठीं नांवें एकत्र आलीं यांत नाहीं. टेंब्यांच्या एकाच संगीतावर दोन परस्परविरोधी स्वभावांनीं केलेलें भाष्य श्रोत्यांना समोरासमोर ऐकावयास मिळालें. पुढें तीनच महिन्यांनीं, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. शाहू छत्रपतींनीं बांधविलेल्या आणि १९१५ सालीं खुल्या झालेल्या पॅलेस थिएटराला पुढें त्यांचें नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, तें नाट्यगृह आगींत सांपडलें.

केशवरावांमागून धैर्यधराचीं पदें दीनानाथ मंगेशकरांनीं गाइलीं, तीं तर चालींत फेरफार करून, पंजाबी अंगाच्या चमकदार फिरतीनें. जुन्या रसिकांपैकीं कांहींजणांस तें रुचलें नाहीं, आणि त्यांच्या नाराजीला अर्थ आहे. गाणें वाढतें तेव्हां त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. नाटकांत ती कथेनें दिली. नायिका पत्र हातांत घेऊन उभी आहे, नायक दाराशीं येऊन थांबला आहे, आणि पद अर्धा तास चाललें आहे! नाटक पहाटेपर्यंत लांबे. पात्राचा शोक संपून गायकाचा आनंद केव्हां सुरू झाला, हें सांगतां येत नसे. विस्तारानें शब्दाचा अर्थ खोल होत असेल तोंवर तो पदाचा. शब्द केवळ स्वर टांगण्याची खुंटी झाला, कीं तो नुसता गळ्याचा. गंधर्व बहुधा पहिल्या बाजूला राहिले. त्यांच्या अनुकरण करणाऱ्यांना तें साधलें नाहीं. अनेक मिनिटांच्या गिटारवादनांत मूळ गीत हरवून बसणारे पाश्चात्य वाद्यवृंद ऐकतांना मला त्यांचीच आठवण होते.

यावरचा उतारा, योगायोग असा, कीं कोल्हापुरांतूनच आला. १९२९ सालीं येथें ‘प्रभात’ निघाली आणि तिचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ सालीं लागला. हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेंच. ज्यानें पदाला लांबण्याची मुभा दिली, त्यालाच तें कॅमेऱ्यापुढें आटोपशीर करावें लागलें. त्याहून मोठा घाव ग्रामोफोनचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सवातीन मिनिटांची. रात्रभर पसरणारें पद तेवढ्यांत कोंबलें गेलें, आणि त्या दिवशीं त्या क्षणीं सुचलेल्या दोन ताना कायमच्या त्या पदाच्या ठरल्या. नाट्यसंगीताच्या स्पर्धांतून मुलें-मुली गातात, तेव्हां त्याच दोन ताना, तीच मुरकी, श्वास घेण्याची तीच जागा ऐकूं येते. आणि परीक्षकही पुष्कळदां तीच तपासतात. बालगंधर्वांनीं जें कधींच केलें नाहीं, तें त्यांच्या नांवानें चाललें आहे.

कुमार गंधर्वांना हें खुपलें असावें. बेळगांव जिल्ह्यांत जन्मलेल्या या गायकानें १९६० नंतरच्या दशकांत ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. नांवांतच भूमिका आहे. त्यांनीं तबकडी उतरवून घेतली नाहीं. गंधर्वांनीं अमुक शब्दावर कां थांबावें, तमुक स्वर कां टाळावा, याचा विचार करून तीं पदें त्यांनीं आपल्या आवाजांतून पुन्हा उभीं केलीं. आम्हांला आमचे गंधर्व तसेच हवेत, असें म्हणणारे तेव्हांही होते.

याला एक पाश्चात्य जोड आठवते. बॉब डिलननें १९६७ सालीं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हें आपलें गीत साध्या गिटारीवर गाइलें. पुढल्याच वर्षीं जिमी हेंड्रिक्सनें त्यांत असें वादळ भरलें, कीं १९७४ पासून खुद्द डिलनही तें हेंड्रिक्सच्या वळणानें गाऊं लागला. मूळ कर्त्यानेंच अनुयायाचा अर्थ स्वीकारला.

आणि या दोन्ही जगांची मराठींत एकदां प्रत्यक्ष गांठ पडली आहे. नट आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईत रॉक गात; ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’च्या १९७४ सालच्या मुंबईच्या प्रयोगांत ते जूडास होते. १९७८ सालीं पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनीं बसविला. त्याला भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्यासह नंदू भेंड्यांचें संगीत होतें. नाट्यपदाचा ढंग, लावणी आणि रॉक एकाच रंगमंचावर आले. या नाटकाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. तें ब्रेख्तच्या १९२८ सालच्या नाटकावरून घेतलें आहे, आणि ब्रेख्तचें जॉन गे याच्या १७२८ सालच्या ‘बेगर्स ऑपेरा’वरून. गे यानें आपलीं गीतें लंडनच्या लोकांस ठाऊक असलेल्या चालींवरच रचलीं होतीं. म्हणजे त्याच्याही पदांच्या माथ्यावर ‘चाल’ होतीच. ब्रेख्त आणि वाइल या जोडीचें ‘अलाबामा साँग’ १९६७ सालीं ‘डोअर्स’ या सायकेडेलिक मंडळींनीं आपल्या पहिल्याच तबकडींत गाइलें, हेंही येथेंच सांगून टाकतों.

आणखी एक उदाहरण. ‘कट्यार काळजांत घुसली’ हें पुरुषोत्तम दारव्हेकरांचें नाटक १९६७ सालचें, चाली जितेंद्र अभिषेकींच्या. खाँसाहेबांच्या भूमिकेंत वसंतराव देशपांडे. २०१५ सालीं त्याचा चित्रपट झाला. शंकर-एहसान-लॉय यांनीं जुन्या पदांभोंवतीं वाद्यांची नवी बांधणी केली, आणि खाँसाहेबांचा आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा घेतला. चित्रपट झाला म्हणून पद पुन्हा मिनिटांत मोजलें गेलें, टेंब्यांच्या वेळीं झालें होतें तसेंच. मैफलींत मात्र तेंच पद आजही लांबतें; आणि आजोबांची अमुकच तान तेथें यावी, असा आग्रह नातवाला तरी दिसत नाहीं.